मागांच्या आवाजाची कॅसेट काढतेय: रेकॉर्डिंग, प्रती आणि वाटप याबद्दल मदत हवी

कांडीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळची इचलकरंजीची, नोकरीमुळं सध्या पुण्यात. माझे वडील, अण्णा, ३१ वर्षं एकाच यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. माग अडला की कामगार ज्याला हाक मारतो तो जॉबर. आमचं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच. दहावीचा सगळा अभ्यास मी १६ मागांच्या खडखडाटात केला. रात्री वीज गेली की आवाज थांबायचा आणि मला जाग यायची.

पुण्यात हॉस्टेलवर एका मैत्रिणीनं मर्झबाउचा 'पल्स डीमन' लावला, १९९६ चा. मर्झबाउ म्हणजे टोकियोचा मासामी अकिता, १९७९ पासून नॉइज, म्हणजे नुसत्या गोंगाटाचं संगीत, हेच करतोय. खोलीतल्या बाकीच्या मुली कानावर हात ठेवून बाहेर गेल्या. मी शेवटपर्यंत बसून राहिले. त्यात माग नाहीत, नुसती यंत्रं आणि फीडबॅक आहे, तरी माझ्या अंगाला तो आवाज ओळखीचा वाटला. पहिली दहा मिनिटं कान विरोध करतो. मग त्या भिंतीत फटी दिसायला लागतात आणि फटीतून आतलं एकेक काही ऐकू येतं. आमच्या शेडमध्ये असंच होतं. नवखा माणूस म्हणतो, काय हा गोंगाट. अण्णा दारातून आत पाऊल टाकता टाकता सांगायचे, पलीकडच्या रांगेतला तिसरा धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो) नीट घेत नाहीये.

मी याचा हिशोब मांडून बघितला. आमचा एक साधा माग मिनिटाला १४० च्या आसपास धोटा मारतो. १६ माग धरले तर मिनिटाला २,२४० ठोके, सेकंदाला ३७. सेकंदाला २० च्या वर ठोके गेले की कान ते सुटे धरत नाही, त्यांची सलग घरघर होते. पण कुठलेही दोन माग एका चालीत नसतात. एक १३८ वर, दुसरा १४२ वर. ते एकमेकांना गाठतात, थोडा वेळ ठोक्याला ठोका पडतो, परत सुटतात. म्हणून त्या घरघरीत लाटा येतात. लहानपणी मी त्या लाटांवर झोपायचे. मला लोकांना तेच ऐकवायचंय.

गेल्या दिवाळीनंतर मालकांनी साधे माग भंगारात काढायचं ठरवलं. त्यांच्या जागी रेपियर आले. रेपियरला धोटाच नसतो, त्यामुळं तो खट्याकही नाही. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. १२० वर्षांचा आवाज वजनकाट्यावर किलोनं गेला. मालकांनी मला मात्र अडवलं नाही. माग उचलायच्या आधी दोन शनिवार-रविवार मी तिथं होते आणि ११ तासांचं रेकॉर्डिंग केलं.

माझ्याकडं हातातला साधा डिजिटल रेकॉर्डर आहे. तपकीर गल्लीतून २७ मिमीच्या पायझो चकत्या (वस्तूला चिकटवल्या की तिची थरथर पकडतात त्या) आणून, वायर डाखून, त्या मागाच्या सांगाड्याला आणि धोट्याच्या पेटीला चिकटपट्टीनं लावल्या. आता अडलेय ती अशी. पहिल्या दिवशीचं हवेतलं रेकॉर्डिंग फुटलंय, आवाजाच्या आलेखाची टोकं सपाट छाटली गेलीत. दुसऱ्या दिवशी पातळी खाली घेतली, ते बरं आहे. पायझोचा आवाज पातळ आहे, नुसती टकटक, मागाचं वजन कुठंच नाही. आणि पुन्हा जाऊन घेता येणार नाही, कारण माग राहिलेच नाहीत.

मला याची ६० मिनिटांची कॅसेट काढायचीय, ३० प्रती. एक कॅसेट डेक मिळालाय, जुना पण चालू. यात किती हात घालू? जसंच्या तसं ठेवू की त्यातून काही रचू? आणि ३० जणांपर्यंत पोचवायचं कसं? माझ्या ओळखीत असलं ऐकणारं जेमतेम चार माणसं आहेत.

मध्यसप्तक

तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी ख्याल ऐकणारा माणूस आहे. पण तो लाटांचा परिच्छेद मी तीनदा वाचला. दोन तानपुरे जवळजवळ जुळले की त्यांच्या मध्ये जे हलतं, ते लावताना आम्ही तेच ऐकत असतो. तुमची १६ मागांची गोष्ट मला तिथून कळली.

एकच सांगतो. त्या ११ तासांच्या आणखी दोन प्रती आजच्या आज करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. माझ्या गुरुजींच्या मैफलींच्या टेपा आम्ही एकाच कपाटात ठेवल्या होत्या. त्या घरात पाणी शिरलं.

फेरिक

कांडीवाली, वयानं बराच मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो. डोंबिवलीत असतो. १९९४ पासून कॅसेटी भरतोय, पोस्टानं देतोय, घेतोय.

आधी पायझो. दोष तुझ्या चकत्यांचा नाही, जोडणीचा आहे. २७ मिमीची चकती विजेच्या हिशोबानं एक छोटा कपॅसिटर असते, साधारण २० नॅनोफॅरडचा. समोरच्या माइक इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० किलोओहमच्या घरात असला तर दोघांची मिळून एक गाळणी बनते आणि ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावली असती तर ती सीमा ८ हर्ट्झवर गेली असती. त्यासाठी एक एफईटी ट्रान्झिस्टर, तीनचार रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते. पुढच्या वेळी लक्षात ठेव.

पण तुला पुढची वेळ नाही, म्हणून नीट वाच. ही गाळणी फार सौम्य असते, प्रत्येक सप्तकामागं ६ डेसिबल. ८०० पासून १०० हर्ट्झपर्यंत तीन सप्तकं, म्हणजे तिथला आवाज साधारण १८ डेसिबलनं खाली गेलाय. खाली गेलाय, पुसला गेलेला नाही. २४ बिटमध्ये घेतलं असशील तर तो वर काढता येतो. संपादनात ८०० च्या खाली हळूहळू चढत जाणारा उतार लाव, १०० ला १८ डेसिबल वाढ. सोबत थोडी खरखर वर येईल, ती मागांच्या आवाजात बुडेल. मागाचं वजन तुझ्याकडं आहे, ते फक्त दबून बसलंय.

फुटलेलं रेकॉर्डिंग दुरुस्त करायच्या नादी लागू नकोस. सॉफ्टवेअर छाटलेल्या टोकाजागी काय असेल याचा अंदाज बांधतं आणि तुझ्या मागांविषयी त्याला काही ठाऊक नसतं. उलट छाटण्यानं मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार झालेले असतात. अकितासारखी माणसं तेच मुद्दाम करतात. ते वेगळं साहित्य समज. एका बाजूला दुसऱ्या दिवशीचा स्वच्छ आवाज, दुसऱ्या बाजूला फुटलेला आवाज आणि पायझो. मी असं करीन.

हात किती घालायचा याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. पिअर शेफर हा फ्रेंच संगीतकार १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज घ्यायला गेला. हातात टेपही नव्हती, तबकड्यांवर कापून घेतले. मग त्याचे तुकडे केले, एकेक तुकडा फिरवत ठेवला. ऐकणाऱ्यानं आगगाडी विसरावी आणि आवाज ऐकावा हा त्याचा ध्यास. थोर काम आहे, मी त्यावरच वाढलो. पण तुला माग विसरायला लावायचा नाहीये. तू तो जपायला गेली होतीस. म्हणून तुकडे करू नकोस. कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं एवढं ठरव, आणि ते ठरवायला हवा तेवढा वेळ घे. ११ तासांतली कुठली २७ मिनिटं, यातच तुझी सगळी रचना आहे.

आता कॅसेट. साठची कॅसेट घेतेयस तर बाजू २८ मिनिटांच्या आत ठेव. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते आणि प्रत्येक कॅसेटमध्ये ती जरा कमीजास्त भरलेली असते, शेवटचं मिनिट भरवशाचं नसतं. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करायची सोय, बंद. साधी फेरिक टेप घे, तिच्यावर जोरात भरलं की ती वरचे आवाज दाबते, टोकं गोलसर करते. मागांना ते शोभेल. कोऱ्या मिळाल्या नाहीत तर जुन्या भजनाच्या, प्रवचनाच्या कॅसेटी घे, वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतात. पण पुसायच्या आधी प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐक. मी एकदा रद्दीवाल्याकडून पिशवीभर आणल्या होत्या. वर सिनेमाचं नाव, आत एका म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या. जात्याची घरघर, तिच्यावर आवाज, मध्येच पोरगं रडतंय. ती कॅसेट मी अजून जपून ठेवलीय. ती कोण होती हे मला कधी कळलं नाही.

३० प्रती म्हणजे ३० तास. एका डेकवर यातून सुटका नाही, घाई केली की प्रत बिघडते. दर पाच प्रतींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरू करायच्या आधी डेकचा वेग तपास. त्याच डेकवर भरलेली टेप त्याच डेकवर ऐकून काही कळत नाही, चूक स्वतःलाच झाकते. ३,१५० हर्ट्झचा एकसुरी आवाज एक मिनिट भर आणि ती कॅसेट दुसऱ्या, भरवशाच्या यंत्रावर लावून मोज.

वाटपाबद्दल उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

सायझिंग गल्ली

मी भिवंडीची. दोन दिवस लिहू की नको करत होते.

माझे वडील २६ वर्षं मागावर होते. ४८ व्या वर्षी त्यांना माझं बोलणं ऐकू येईना. आधी वरचे आवाज गेले. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढला होता, ४,००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. दाराची घंटा गेली, कुकरची शिट्टी गेली, मग नातीचा आवाज गेला. कापसाचे बोळे सोडले तर कानाला लावायला कुणी काही दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा मानली जाते, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ते बारा-बारा तास उभे असायचे.

तुमचं लिहिणं मनापासूनचं आहे हे दिसतंय. पण तुम्ही त्या लाटांवर झोपायचात तेव्हा आत कुणीतरी उभं होतं. आता तोच आवाज हेडफोन लावून, हवा तेवढा कमीजास्त करून लोक ऐकणार. त्या शेडमधल्या माणसांना तुम्ही विचारलंत का? त्यांनी ऐकलंय का? तुमच्या अण्णांनी?

कांडीवाली

सायझिंग गल्ली, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी खरं ते सांगते. मालकांना विचारलं होतं. आत काम करणाऱ्यांना त्या दिवशी सांगितलं होतं, मी काय करतेय ते. पण ऐकवलं नव्हतं. अण्णांना तर मी काहीच दाखवलं नाही. त्यांना आता कमी ऐकू येतं, उजव्या कानानं जवळजवळ नाहीच. मला वाटायचं, ज्या आवाजानं त्यांचा कान नेला तोच पुढ्यात नेऊन ठेवायचा म्हणजे जखमेवर बोट. ते मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं होतं, त्यांना विचारलं नव्हतं. तुमचं वाचल्यावर रात्रभर हेच डोक्यात होतं.

त्या शेडमधले चौघेजण माझ्याकडं फोनवर आहेत. काल चौघांनाही दहा-दहा मिनिटांचा तुकडा पाठवला. एकानं परत पाठवला आणि सांगितलं, नवव्या मिनिटाला मुकादम माझ्या नावानं ओरडतोय, ते काढ, माझी पोरं ऐकतील. काढलं. एका मामांनी आपल्या दोन्ही मागांचे नंबर लिहून पाठवले आणि विचारलं, यात त्यांचा आवाज वेगळा काढता येईल का. पायझोवर त्यातला एक आहे. तो त्यांना आधी देतेय, कॅसेटच्या आधी. तिसऱ्यानं काहीच उत्तर दिलं नाही. चौथ्या काकूंनी लिहिलं, ऐकलं आणि हात आपोआप कांडी (धोट्यातल्या धाग्याची) भरायला गेला.

मी आत असताना कानात फोमचे बोळे घातले होते, त्यावर हेडफोन. हे करताना एका काकांनी माझ्याकडं बघितलेलं मला आठवतंय. कॅसेटच्या कागदावर मी आवाजाची पातळी, पाळीचे तास आणि ते पंधरा मिनिटांचं गणित छापणार आहे, तुमची हरकत नसेल तर. शोभेसाठी नाही. ऐकणाऱ्याला कळायला हवं की तो २७ मिनिटांनी उठू शकतो.

अण्णांकडं पुढच्या शनिवारी जातेय.

फेरिक

सायझिंग गल्लीताईंचा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता, आणि मी तीस वर्षं या आवाजात आहे. त्यांचे आभार मानतो.

वाटपाचं राहिलं होतं. ३० कमी वाटतात तुला, पण या संगीताचं रानच तेवढ्या आकड्यांवर उगवलंय. अकितानं सुरुवातीला 'लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स' या आपल्याच लेबलवर घरी कॅसेटी भरल्या, झेरॉक्सचे कोलाज लावून पोस्टानं जगभर पाठवल्या. त्यातल्या पुष्कळ विकलेल्या नव्हत्या, बदल्यात दिलेल्या होत्या. तू मला तुझी दे, मी तुला माझी. 'इन्कॅपॅसिटंट्स' या जपानी नॉइज जोडीतले तोशिजी मिकावा बँकेत नोकरी करायचे. पोट दुसरीकडं, हे इकडं. म्हणून कुणाला खूश करायची गरज पडली नाही. मीही तसाच जोडला गेलो. पहिली कॅसेट एका अनोळखी माणसाला पाठवली, सहा आठवड्यांनी त्याची आली, आत तिसऱ्याच माणसाचा पत्ता. असे माझे १७ देशांतले पत्ते झाले. तुझ्या ३० पैकी १० अशा बदलीसाठी बाजूला ठेव. इथंच पाच जण मिळतील. पहिला मी.

कॅसेटसोबत ऑनलाइनही ठेव. बँडकॅम्प या संगीताच्या साइटवर पान काढायला पैसे लागत नाहीत. मूळ लांब फायली इंटरनेट आर्काइव्हवर टाक, तिथं त्या टिकतील. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, टाक आणि आकार बघून घाबरू नकोस. फ्लॅक पुढचा नमुना मागच्यावरून ओळखून जागा वाचवतो, गोंगाटात पुढचं ओळखताच येत नाही, म्हणून गाण्याची फाइल निम्म्यावर येते तशी तुझी येणार नाही. १२८ च्या एमपीथ्रीत तर मुळीच देऊ नकोस. तो सगळ्यात आधी वरचं कापतो आणि उरलेलं पाण्याखालून आल्यासारखं करतो, तुझ्या लाटा त्यातच मरतील.

कपाटात ठेवू नकोस एवढं मात्र कळकळीनं सांगतो. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं येऊन स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं १९७२ पर्यंत काम केलं. आपल्याच देशात, शेजारच्या राज्यात. मी ९४ मध्ये कॅसेटी भरायला लागलो तेव्हा मला वाटत होतं की असलं काही आपल्याकडं कुणी केलेलंच नाही, जे शिकायचं ते जपानकडून. त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. लंडनचे कलाकार-संगीतकार पॉल पुरगस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांचा अल्बम निघाला. पन्नास वर्षं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी पंचविशी कुणीतरी परत द्यावी असं वाटलं. तुझ्यासारखं काही करू बघणारी एखादी मुलगी आज विट्यात किंवा मालेगावात बसली असेल. तिला तुझी कॅसेट आत्ता मिळायला हवी.

कांडीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. बरंच झालं.

फेरिककाका, पायझोचा उतार तुम्ही सांगितलात तसा लावला आणि हेडफोनमध्ये माग अंगावर आला. खरंच दबून बसला होता. पहिली बाजू ठरलीय. एका दुपारी वीज गेली होती. सगळं गप्प. मग वीज येते आणि एकेक कामगार आपापला माग सुरू करतो. आधी एकटा बारा नंबर. दीडेक मिनिट तो एकटाच. मग दुसरा, तिसरा, सातव्यापर्यंत ठोके मोजता येतात, त्यानंतर नाही. सोळावा लागतो तेव्हा अकरा मिनिटं झालेली असतात. उरलेला वेळ नुसत्या लाटा. एकही काप नाही. फक्त ते नाव घेतलेलं होतं ते दुसऱ्या बाजूला होतं, तिथं काप आहे.

मग मी घाई केली. वेग तपासायचं तुम्ही सांगितलं होतं, पण दुसरं यंत्र हाताशी नव्हतं. डेकवर ऐकलं, छान वाटलं आणि सात प्रती भरल्या. त्यातली एक घेऊन शनिवारी घरी गेले.

अण्णांचा टू-इन-वन अजून चालतो, सकाळी त्यावर आकाशवाणी लावतात, मोठ्यानं. मी त्यांना सांगितलं काय आहे ते. ते काही बोलले नाहीत. खुर्ची पुढं ओढली, डावा कान तिकडं केला आणि पंजा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. बारा नंबर सुरू झाला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. अर्ध्या मिनिटात त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"आपला न्हाई ह्यो."

मी म्हटलं, अण्णा, आपलाच आहे, बारा नंबर, मी स्वतः पुढ्यात बसून घेतलाय.

"पळतोय किती! असा पळला असता तर धोटा उडून बाहेर आला असता. बारा कधी असा पळला न्हाई."

मला आधी वाटलं कानामुळं होत असेल. मग वाटलं टू-इन-वन जोरात पळत असेल. फोनवर मूळ फाइल काढून एक मिनिट मोजलं, १४२. कॅसेटवरचं मोजलं, १५२. रविवारी गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडं गेले. त्यांच्याकडं तपासलेला डेक आहे. पुण्याहून परत माझ्या डेकवर ३,१५० चा सूर भरून त्यांना कॅसेट पाठवली, त्यांनी मोजून कळवलं, ३,३७०. माझा डेक सात टक्के हळू चालतोय. हळू चालत्या टेपवर भरलं, म्हणून दुसरीकडं सगळं पळतं. आतला रबरी बेल्ट सैल झालाय. काकांनी नवा पाठवला, मी बसवला, मग मोटारच्या मागच्या भोकातला स्क्रू केसभर फिरवत फिरवत ३,१५५ पर्यंत आणलं.

अण्णा ज्यातून मोजत होते ते ठोके खालचे आहेत, धपधप. ते त्यांना हातातून कळतात. वरची सगळी सळसळ, जिच्यासाठी मी एवढा जीव टाकत होते, ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सायझिंग गल्ली, तुमच्या वडिलांचा तो आलेख मला तेव्हा आठवला. म्हणून आता एक प्रत वेगळी करतेय, फक्त अण्णांसाठी. त्यात ३०० हर्ट्झच्या खालचं वर काढलंय आणि वरचं सगळं सोडून दिलंय. काल नीट वेगानं भरलेली पहिली कॅसेट घेऊन पुन्हा गेले होते. त्यांनी पूर्ण बाजू ऐकली, २७ मिनिटं, पंजा जाळीवर. आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. संपल्यावर म्हणाले, "बाराचा पट्टा सुटतोय बघ मधनं मधनं. बदलायचा ऱ्हायला." मग विचारलं, दुसऱ्या बाजूला कुठले माग आहेत.

जुन्या सातही प्रती पुसल्या. नव्या आतापर्यंत चार झाल्यात, रोज रात्री दोन होतात. कागदावर चौघांनी सांगितली तशी त्यांची नावं आहेत, एकाचं नाही, त्याला नको होतं. अण्णांच्या नावापुढं काय लिहू विचारलं तर म्हणाले, जॉबर लिही.

बदलीसाठी दहा बाजूला ठेवल्यात. फेरिककाका, तुमची पहिली. मध्यसप्तक, तुमच्याकडं कॅसेट वाजवायला काही आहे का, नाहीतर फ्लॅकचा दुवा पाठवते.

मध्यसप्तक

जुना डेक माळ्यावर आहे, आज खाली काढतो. मूळ फायलींची एक प्रत माझ्याकडं नाशिकला ठेवायची असेल तर हार्डडिस्क पाठवा, सांभाळीन.

सायझिंग गल्ली

वडील आता नाहीत. भाऊ अजून मागावर आहे. अण्णांसाठी केलीत ती, खालच्या आवाजाची, एक त्याच्यासाठी भराल का? आणि कागद दोन जास्त पाठवा, पंधरा मिनिटांचं गणित छापलेले. तो शेडमध्ये लावणार आहे. पत्ता व्यनि केलाय.